मीठ-साखर बटाट्यातलं पाणी बाहेर ओढतात, मग जुलाबात तेच पाणी का पाजायचं?

खडूफळा

नववीच्या मुलांच्या विज्ञान प्रदर्शनासाठी 'परासरण आणि जलसंजीवनी' हा विषय घेतला आहे (परासरण म्हणजे पातळ पटलातून पाणी जास्त कण विरघळलेल्या बाजूकडे जाणं, जलसंजीवनी म्हणजे ओआरएस). कच्च्या बटाट्याच्या तीन फोडी: एक साध्या पाण्यात, दुसरी मिठाच्या पाण्यात (२०० मिलि पेल्यात २ चमचे मीठ), तिसरी साखरेच्या पाण्यात (तेवढ्याच पाण्यात १० चमचे साखर). दोन तासांनी साध्या पाण्यातली फोड ताठ, बाकीच्या दोन्ही लिबलिबीत. इथपर्यंत सगळं पुस्तकाबरहुकूम.

मग एका मुलीनं विचारलं: मीठ आणि साखर दोघंही बटाट्यातलं पाणी बाहेर ओढतात, तर जुलाबानं आधीच सुकलेल्या माणसाला नेमकं तेच दोन्ही घालून पाणी का पाजतात? आतड्यातून आणखी पाणी बाहेर नाही का यायचं?

'साखरेनं ताकद येते' हे नेहमीचं उत्तर द्यायचं नाही. जाणकारांनी सांगावं:
१) साखरेचं नेमकं काम काय?
२) 'चिमूटभर मीठ, मूठभर साखर', 'सहा चमचे' आणि तयार पुडी, यांतलं कुठलं माप तक्त्यावर लिहायचं?
३) बटाट्याचा प्रयोग नुसता 'ताठ/लिबलिबीत' न ठेवता आकड्यांत कसा आणायचा?

---

क्षारपाणी

त्या मुलीचा प्रश्न फार नेमका आहे. त्याची उत्तरं दोन आहेत आणि दोन्ही लागतात.

पहिलं उत्तर तुमच्याच पेल्यात आहे. सपाट चहाचा चमचा मीठ म्हणजे साधारण ६ ग्रॅम. २०० मिलिमध्ये १२ ग्रॅम, म्हणजे लिटरला ६० ग्रॅम. ओआरएसच्या पुडीत लिटरला मीठ असतं २.६ ग्रॅम. तुम्ही बटाट्याला जे पाजलंत ते ओआरएस नव्हे, लोणच्याचा खार आहे. असं पाणी माणसानं प्यायलं तर मुलीची शंका तंतोतंत खरी ठरेल. आतड्यात पाणी ओढलं जाईल, जुलाब वाढतील, रक्तातलं सोडियमही चढेल. परासरणात 'मीठ घातलंय का' याला महत्त्व नाही, 'किती कण विरघळलेत' याला आहे. रक्तातल्या विरघळलेल्या कणांची संहती लिटरला सुमारे २८५ ते २९५ मिलिऑस्मोल (विरघळलेले कण मोजायचं एकक) असते. आजच्या ओआरएसची २४५. म्हणजे ओआरएस रक्तापेक्षा किंचित पातळ, आठवीच्या भाषेत अवपरासारी द्रावण. तुमचं मिठाचं पाणी २००० च्या पुढे जातं.

दुसरं उत्तर साखरेचं. बटाटा आणि आतडं यांत मोठा फरक आहे. लहान आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशींवर सोडियम आणि ग्लुकोज यांची जोडीनं ने-आण करणारं एक प्रथिन बसलेलं असतं, नाव एसजीएलटी-१. ते एका फेरीत सोडियमचे दोन आयन आणि ग्लुकोजचा एक रेणू असे तिघांना मिळून आत घेतं. ग्लुकोज नसेल तर हे दार सोडियमसाठी उघडत नाही, आणि सोडियम नसेल तर ग्लुकोजसाठी उघडत नाही. सोडियम आत आलं की पेशीच्या मागच्या बाजूचे पंप एटीपी (पेशीचं इंधन) खर्चून ते रक्ताकडे ढकलतात. आत कण वाढले की पाणी आपोआप त्यांच्या मागे जातं. हे मागून जाणारं पाणी म्हणजेच तुमचं परासरण. म्हणून ओआरएसमधली साखर ही ताकदीसाठी नाही, ती मिठाला आत नेणारी सोबतीण आहे. १३.५ ग्रॅम ग्लुकोजनं ताकद ती किती येणार? जेमतेम ५४ कॅलरी.

आता मुलं विचारतील की जुलाबात आतडं बिघडलेलं असतं, मग हे दार कसं चालतं? पटकीचं (कॉलऱ्याचं) उदाहरण द्या. पटकीच्या जिवाणूचं विष पेशीतून क्लोराइड बाहेर सोडणारा मार्ग सतत उघडा ठेवतं. क्लोराइडमागे सोडियम आणि पाणी वाहत बाहेर येतं. तीव्र पटकीत तासाला लिटरभरसुद्धा जातं. पण ते विष सोडियम-ग्लुकोजच्या जोडदाराला, म्हणजे वरच्या एसजीएलटी-१ ला, हात लावत नाही. एक नळ फुटलाय, पण टाकी भरणारी दुसरी वाहिनी शाबूत आहे, असं समजा. ओआरएस फुटका नळ दुरुस्त करत नाही, दुसऱ्या वाहिनीनं टाकी भरत राहतं. म्हणून 'ओआरएस दिलं तरी जुलाब थांबले नाहीत' ही तक्रारच चुकीची आहे. जुलाब थांबवणं हे त्याचं काम नाही.

तक्त्यावर एक आकडा जरूर टाका. निरोगी माणसाच्या लहान आतड्यात दिवसाला ८ ते ९ लिटर द्रव येतो. त्यात प्यायलेलं-खाल्लेलं सुमारे २ लिटर, बाकी लाळ, जठररस, पित्त, स्वादुरस आणि आतड्याचा स्वतःचा रस. त्यातला शौचावाटे जातो फक्त १०० ते २०० मिलि, उरलेला सगळा परत शोषला जातो. एवढ्या मोठ्या उलाढालीत थोडी गडबड झाली तरी पाण्यासारखे जुलाब का होतात, ते मुलांना या एका आकड्यावरून कळतं.

---

तराजू

मापाचं मी लिहितो. जलसंजीवनीत औषध म्हणजे प्रमाणच.

जागतिक आरोग्य संघटनेचं २००२ पासूनचं सूत्र, १ लिटर पाण्यासाठी:

मीठ (सोडियम क्लोराइड) २.६ ग्रॅम
ग्लुकोज १३.५ ग्रॅम
पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम
ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम
एकूण २०.५ ग्रॅम

विरघळल्यावर लिटरला सोडियम ७५, क्लोराइड ६५, ग्लुकोज ७५, पोटॅशियम २०, सायट्रेट १० मिलिमोल. बेरीज २४५. मुलांकडून ही बेरीज करून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. ग्लुकोजचं उदाहरण: १३.५ ला १८० नं भागलं की ०.०७५ मोल, म्हणजे ७५ मिलिमोल. सोडियमच्या वेळी मुलं हमखास चुकतात, कारण ते दोन घटकांतून येतं. मिठातून सुमारे ४५, आणि सायट्रेटच्या एका रेणूत सोडियम तीन असल्यामुळे तिथून सुमारे ३०. सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही ७५ आलेत हा योगायोग नाही. जोडदार नीट चालावं म्हणून ग्लुकोज सोडियमपेक्षा कमी पडू द्यायचं नसतं.

जुनं सूत्र ३११ मिलिऑस्मोलचं होतं (मीठ ३.५, ग्लुकोज २० ग्रॅम). ते वाईट नव्हतं, त्यानं असंख्य जीव वाचवले. पण पातळ केलेल्या द्रावणानं मुलांना सलाईन लावायची वेळ सुमारे ३३ टक्क्यांनी कमी आली, म्हणून बदललं. जुन्या तक्त्यांवर अजून ३.५ आणि २० हे आकडे सापडतात, ते उतरवू नका.

घरगुती माप: १ लिटर पाणी, ६ सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा ५ मिलिचा, औषधाच्या बाटलीबरोबर मापाचा मिळतो तो. हिशोब पाहा: साखर साधारण २५ ग्रॅम, ती सुक्रोज असल्यामुळे ३४२ नं भागायची, आले ७३ मिलिमोल. आतड्यात सुक्रोज फुटून ७३ ग्लुकोज आणि ७३ फ्रुक्टोज होतात. मीठ ३ ग्रॅम, म्हणजे सोडियम ५१, क्लोराइड ५१. एकूण २४८. पुडीच्या २४५ च्या शेजारी! मात्र यात पोटॅशियम नाही आणि सायट्रेट नाही, म्हणून पुडी मिळत असेल तर पुडीच. घरगुती द्रावण पुडी येईपर्यंतचं.

'चिमूटभर, मूठभर' तक्त्यावर नको. चिमूट दोन बोटांची की तीन बोटांची यात मीठ दुप्पट होतं, आणि आठवीतल्या मुलाची मूठ व त्याच्या आजोबांची मूठ यांत तर काही मेळच नाही. एका पेल्याला लागणारं मीठ जेमतेम ०.६ ग्रॅम, ते चिमटीनं मोजणं कठीण. म्हणून पेल्यापेल्यानं न करता एकदम लिटरभर करायचं. चूक झाली तर ती निदान वाटली जाते.

मापात घोटाळे होतात ते असे. पोह्यांचा चमचा हा चहाचा चमचा नव्हे, त्यात जवळपास दुप्पट मावतं. शीग लावलेला चमचा हा सपाट चमचा नव्हे. चमचा भरून त्यावरून सुरीची पाठ फिरवायची. खडेमीठ चमच्यानं मोजू नये, खड्यांमध्ये हवा राहते. 'तांब्याभर पाणी' हे माप नाही. १ लिटरची पाण्याची बाटली प्रत्येक घरात सापडते, ती वापरा.

शेवटी चव बघायची. अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्यायचं आणि नवीन करायचं. त्यातच साखर वाढवून खारटपणा झाकायचा नाही. हे सगळ्यात जास्त वेळा होतं आणि सगळ्यात वाईट तेच.

---

खडूफळा

दोघांचेही आभार. खाराचा मुद्दा डोळे उघडणारा आहे, पेले बदलतो. आणखी एक: मुलांनी घरोघरी 'जुलाबात काय देता' विचारलं तर लिंबूसरबत, नारळपाणी, ग्लुकोजची पावडर, थंड पेय, पेज, ताक अशी यादी आली. प्रदर्शनात यावर प्रश्न येणारच. आणि पाजायचं किती, कसं, हेही कुणीतरी लिहा.

---

वॉर्ड_नं_३

एकेक घेऊ.

थंड पेय: नको. लिटरला १०० ते ११० ग्रॅम साखर, सोडियम नावापुरतं. साखर फुटली की ६०० मिलिऑस्मोलच्या घरात जातं. इथे तुमच्या मुलीची शंका खरी होते, पाणी आतड्यात ओढलं जातं. पाकिटातले फळांचे रसही त्याच माळेचे मणी.

लिंबूसरबत: पाहुण्यांसाठी करतो तसं, पेल्याला चार-पाच चमचे साखर घातलेलं, थंड पेयाइतकंच गोड असतं. लिंबाला दोष नाही. मापाच्या मीठ-साखर-पाण्यात दोन थेंब पिळले तर बिघडत नाही.

ग्लुकोजची पावडर: डब्यावर चित्र धावपटूचं, आत मीठ जवळपास नाहीच. सोडियमच नाही तर जोडदार चालणार कशावर?

नारळपाणी: पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी. सौम्य जुलाबात वरचं पेय म्हणून ठीक, ओआरएसच्या बदली नाही.

भाताची पेज मीठ घालून आणि पातळ ताक मीठ घालून: दोन्ही चांगली. पेजेतला स्टार्च आतड्यात हळूहळू फुटून ग्लुकोज देतो, त्यामुळे एकदम कणांची गर्दी होत नाही. कोकणात आजारी माणसाला पेज देतात त्यात चांगलं शास्त्र आहे.

दुकानात ओआरएससारखं नाव लावून विकली जाणारी गोड पेयं वेगळी ओळखायला शिकवा. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं अशा खाद्यपेयांच्या नावात 'ओआरएस' शब्द वापरायला मनाई केली. मुलांसाठी सोपी कसोटी: वेष्टनावर वर तराजू यांनी दिलेले चार घटक त्याच प्रमाणात आहेत का ते वाचणं. प्रदर्शनात रिकामी वेष्टनं चिकटवा (नावं झाकून) आणि बघणाऱ्यांनाच ओळखायला सांगा.

पुडीच्या बाबतीतली मुख्य चूक: बाजारात १ लिटरची मोठी पुडी (२०-२१ ग्रॅम) आणि २०० मिलिची छोटी (४ ग्रॅमच्या आसपास) अशा दोन्ही मिळतात. मोठी पुडी एका पेल्यात ओतली की पाचपट तीव्र द्रावण तयार होतं. अर्धी पुडी आज, अर्धी उद्या हेही नको. पावडर दमट होते, आणि क्षार तळाशी व साखर वर असं झालं तर 'अर्धं' हे अर्धं राहत नाही. पूर्ण पुडी, पूर्ण पाणी, एकदाच. पाणी आधी उकळून गार करायचं. पुडी घातल्यावर उकळायचं नाही, पाणी आटलं की प्रमाण गेलं. दूध, रस, सूप यांत पुडी मिसळायची नाही. २४ तासांनी उरलेलं फेकायचं.

पाजणं: प्रत्येक पातळ शौचानंतर २ वर्षांखालच्या बाळाला ५० ते १०० मिलि, २ ते १० वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलि, त्यावरच्यांना मागतील तेवढं. लहान बाळाला बाटलीनं नव्हे, चमच्यानं, मिनिटा-दोन मिनिटांनी एक चमचा. मोठ्यांनी घोट-घोट. उलटी झाली की घरचे पाजणंच बंद करतात, तिथे घात होतो. १० मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सुरू करायचं, पूर्वीपेक्षा सावकाश. उलटी झाली तरी प्यायलेलं सगळंच बाहेर पडत नाही. अंगावरचं दूध चालू ठेवायचं, मोठ्यांचं जेवणही. 'पोटाला आराम' म्हणून उपाशी ठेवू नये.

बालकांना यासोबत जस्ताच्या गोळ्या १४ दिवस देतात (६ महिन्यांवर रोज २० मिग्रॅ, त्याखाली १० मिग्रॅ, डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारून). जुलाब तीन दिवसांत थांबले तरी गोळ्या पुऱ्या करायच्या.

आणि हे तक्त्यावर लाल अक्षरांत: मूल पेंगुळलेलं किंवा शुद्धीवर नाही, पिऊ शकत नाही, प्यायलेलं सगळं उलटून पडतंय, डोळे खोल गेलेत, सहा तासांत लघवी नाही, शौचात रक्त आहे, किंवा पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसते (२ सेकंदांहून जास्त लागले तर फारच वाईट), तर चमच्यात वेळ न घालवता दवाखाना. वाटेत पाजता येत असेल तर पाजत न्यायचं.

---

प्रयोगवही

तिसरा प्रश्न राहिलाच, बटाट्याचा.

साहित्य: एकच मोठा, टणक, कच्चा बटाटा. अर्धवट उकडलेला घेतला तर पेशीपटल मेलेलं असतं, मग निवडक्षम पारपटलच उरत नाही. (उकडलेल्याची एक फोड मुद्दाम तुलनेसाठी ठेवा, फरक पाहून मुलांना मजा येते.) साल काढून १ सेमी बाय १ सेमी बाय ४ सेमी अशा पट्ट्या. सालीच्या बाजूनं पाणी नीट आत-बाहेर होत नाही, म्हणून कुठेही साल नको. सोनाराकडे असतो तसला ०.०१ ग्रॅमपर्यंतचा छोटा काटा हवा. स्वयंपाकघरातल्या १ ग्रॅमच्या काट्यावर ५ टक्के फरक दिसणारच नाही.

मूळ द्रावण: १७१ ग्रॅम साखर चंचुपात्रात थोड्या पाण्यात विरघळवून मग एकूण आकारमान ५०० मिलि होईपर्यंत पाणी. हे झालं १ मोलर. ५०० मिलि पाण्यात १७१ ग्रॅम ओतली तर आकारमान ६०० मिलिच्या पुढे जातं आणि सगळे आकडे चुकतात. निम्मे प्रकल्प इथेच गडगडतात.

मग १०० मिलिचे सहा पेले: मूळ द्रावण ०, २०, ४०, ६०, ८०, १०० मिलि आणि उरलेलं पाणी. म्हणजे ०, ०.२, ०.४, ०.६, ०.८, १.० मोलर. प्रत्येकात तीन पट्ट्या, कारण एकाच पट्टीवर विसंबलं तर एखादी हिरवट किंवा पोकळ निघाली की आलेख वाकडा. दोन तास पुरतात, पेले झाकून ठेवा.

वजनातला टक्के बदल = (नंतरचं − आधीचं) ÷ आधीचं × १००. नुसता ग्रॅममधला फरक घेऊ नका, पट्ट्या सारख्या नसतात. आडव्या अक्षावर संहती, उभ्यावर टक्के बदल. रेषा शून्याला जिथे छेदते ती बटाट्याच्या पेशीरसाशी समपरासारी संहती, म्हणजे आत-बाहेर कणांची दाटी सारखी. साधारण ०.२५ ते ०.३५ मोलरच्या दरम्यान येते, बटाटा नवा की साठवणीतला यावर थोडी हलते.

आता गंमत: सातवा पेला नीट मापानं केलेल्या ओआरएसचा ठेवा. त्यातली पट्टी लिबलिबीत होणार नाही. वजन जवळपास तेवढंच राहील किंवा किंचित वाढेल, कारण २४५ हे बटाट्याच्या रसापेक्षा थोडं पातळच आहे. आठवा पेला पाचपट तीव्र ओआरएसचा, म्हणजे एक मोठी पुडी २०० मिलिमध्ये. ती पट्टी वाकेल. मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या दोन पेल्यांत उभं राहतं. उरलेलं अर्धं, म्हणजे सोडियम-ग्लुकोजचं जोडदार, बटाट्यानं दाखवता येत नाही. त्याला आतड्याची जिवंत पेशी लागते. ते पुठ्ठ्याचं करा: दोन सोडियमच्या आणि एक ग्लुकोजच्या अशा तीन खाचा एकदम भरल्याशिवाय न फिरणारं दार.

एक सावधगिरी. घरगुती मीठ-साखर-पाण्यात ठेवलेली पट्टी ओआरएसमधल्यापेक्षा जास्त फुगली तर गोंधळू नका. पेल्यात सुक्रोज फुटत नाही, त्यामुळे तिथे ते द्रावण १७५ चंच असतं. २४८ ते आतड्यात होतं.

---

क्षारपाणी

+१, सातवा-आठवा पेला झकास.

@खडूफळा, तक्त्याच्या कोपऱ्यात इतिहासाला जागा असेल तर डॉ. दिलीप महालनबीस यांचं नाव घाला. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली, सलाईन संपत आलं. तेव्हा त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा कलकत्त्यात पुड्यांत भरून घेतले, छावणीत नळाच्या पिंपांत कालवले आणि नातेवाइकांच्याच हाती पेले दिले. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आत जातात ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली होती. म्हणजे प्रयोगशाळेतलं दार आणि छावणीतलं पिंप यांत फक्त अकरा वर्षांचं अंतर.

---

खडूफळा

पक्कं: आठ पेले, पुठ्ठ्याचं दार, बेरजेचा तक्ता. मूळ प्रश्न विचारणारी मुलगीच पाचपटीच्या पेल्यापाशी उभी राहील. काटा ०.०१ ग्रॅमचा मिळाला आहे. पट्ट्या वजन करण्याआधी पुसायच्या की निथळायच्या?

---

प्रयोगवही

टिपकागदावर चारही बाजूंनी एकेकदा टेकवायच्या, दाबायच्या नाहीत. दाबलं की पेशींतलंही पाणी येतं. आणि सगळ्या पट्ट्या एकाच मुलानं टिपाव्यात, आधीही आणि नंतरही. प्रत्येकाचा हात वेगळा पडतो.